सॅन डिएगोला गेलात तर स्टार ऑफ इंडिया बघाच, पण खालच्या डेकपर्यंत जा

सॅन डिएगोच्या मेरीटाइम म्युझियमचा रिव्ह्यू लिहितेय, खरं तर त्यातल्या एकाच जहाजाचा. स्टार ऑफ इंडिया. 1863 मध्ये ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर रॅमझीला बांधलेलं मालवाहू जहाज, तेही लोखंडी, आणि इंजिन कधीच नव्हतं, आजही नाही, सगळी भिस्त शिडांवर.

पहिलं नाव यूटर्पी. सुरुवातीच्या फेऱ्या आपल्या कलकत्त्याच्या, आणि काय नशीब बघा, पहिल्याच फेरीत वेल्सजवळ दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, खलाशांनी पुढे जायला नकार दिला आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तुरुंगात जावं लागलं. नंतर 1865 मध्ये बंगालच्या उपसागरात वादळात असं सापडलं की डोलकाठ्या तोडून टाकाव्या लागल्या तेव्हा कुठे वाचलं, आणि परतीच्या वाटेवर कॅप्टन स्टोरी वारले.

बहुतेक लोक वरच्या डेकवर सुकाण्याच्या चाकाजवळ फोटो काढतात आणि उतरतात. प्लीज असं करू नका. 1871 पासून शॉ सॅव्हिल कंपनीकडे असताना या जहाजाने पृथ्वीला 21 फेऱ्या मारल्या, त्यात इंग्लंडहून न्यूझीलंडला कायमचं राहायला निघालेली कुटुंबं नेली, आणि ती राहायची खालच्या डेकवर. सगळ्यात लवकर पोचायचं म्हटलं तरी 100 दिवस, एकदा तर 143 लागले. त्या जागेत उभं राहिलं की कळतं, एवढ्या दाटीत लेकराबाळांसकट, खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं खात, मागे फिरायची सोय नाही. मला तिथून हलवेना.

1901 मध्ये अलास्का पॅकर्स कंपनीने घेतलं. मग मागच्या डोलकाठीवरची आडवी शिडं काढून उभी लावली, म्हणजे कमी खलाशांत भागतं, आणि दर वर्षी मच्छीमार आणि कारखान्याचे कामगार घेऊन उत्तरेला जायचं, डबाबंद सामन मासा घेऊन यायचं. त्या कंपनीच्या बऱ्याच जहाजांची नावं स्टार ऑफ अमुकतमुक, म्हणून 1906 मध्ये हे स्टार ऑफ इंडिया झालं. 1923 नंतर काम संपलं, 1927 मध्ये ओढत सॅन डिएगोला आणलं, आणि मंदी, मग महायुद्ध, यात कितीतरी वर्षं नुसतं गंजत पडलं. 1957 मध्ये ॲलन व्हिलियर्स या नावाजलेल्या दर्यावर्दीने त्याची ती दशा बघून आवाज उठवला तेव्हा शहर जागं झालं, पैसे जमले, आणि 4 जुलै 1976 ला ते परत शिडं उभारून समुद्रात गेलं! हे काम पुढे नेणाऱ्यांत स्वयंसेवक खूप आहेत, कोणी दोरखंडाजवळ काम करताना दिसलं तर जरूर बोला.

भारतातून आई-बाबा आले असतील तर नक्की न्या, फक्त खाली उतरायचे जिने उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर सावकाश. सांता फे स्टेशनपासून चालत जाता येतं. त्याच तिकिटात 1898 ची बर्कली फेरीबोटही बघता येते, तीही छान आहे, पण आधी स्टार ऑफ इंडिया, दमायच्या आत.