एक्सयूव्ही ७०० दीडेक वर्ष वापरल्यावर, आणि मधे वर्कशॉपनं दिलेली ३एक्सओ चालवल्यावर

गाडी महिंद्रा एक्सयूव्ही ७००, आम्ही नुसतं सातशे म्हणतो, डिझेल ऑटोमॅटिक, एएक्स ७ मॉडेल, सात सीटर. घर बेळगावात शहापूरला, माणसं सहा, आईबाबा, आम्ही दोघं, दोन पोरं, आणि सणासुदीला चंदगडचा भाचा येऊन राहिला की सात. नवीन गाडीचं पहिल्या दोन महिन्यात सगळं गोडच वाटतं म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आता लिहितोय कारण यंदा ऊसाच्या सीझनला गाडी रस्त्याकडेला उभी असताना एका रिकाम्या ट्रॉलीनं उजव्या बाजूची दोन्ही दारं घासत नेली, मग ठरलेली सर्व्हिस आणि दारांचं डेंटिंग पेंटिंग एकदमच करायला गाडी उद्यमबागच्या वर्कशॉपला सोडली, आणि तेवढ्या दिवसांसाठी त्यांनी महिंद्राचीच छोटी ३एक्सओ वापरायला दिली, पेट्रोल मॅन्युअल, पाच सीटर. घर तेच, रस्ते तेच, माणसं तीच, गाडी तेवढी बदलली. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हला जे कधीच कळत नाही ते या आठवडा-दहा दिवसांत कळलं.

पहिलं कळलं ते आईमुळं. तिचे गुडघे दुखतात. सातशेत चढताना तिला वरचं हँडल धरून अंग उचलावं लागतं, म्हणून आम्ही डिकीत एक लाकडी पाट कायमचा ठेवलाय, थांबलं की आधी पाट काढायचा मग आई उतरणार. देवळासमोर गर्दीत, मागं रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि आपण पाट शोधतोय, हे तिला लई लाजल्यासारखं होतं, ती बोलत नाही पण कळतं. ३एक्सओत ती पहिल्या दिवशी दार उघडून सरळ बसली, पाय उचलून आत घेतला, झालं. म्हणाली, "ही बरी हाय बघ, हीच ठेवून घे की." तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर शोरूमला जाताना त्यांना घेऊन जा आणि पाच वेळा चढ-उतार करायला लावा, बाकी फीचरची लिस्ट नंतर बघा. साइड स्टेप लावून घ्या असं सगळे सांगतात, ती लावून थोडा फरक पडेल, पण सीटची उंची काय खाली येत नाही.

दुसरी गोष्ट गल्ल्यांची. सातशे ४६९५ मिलिमीटर लांब आणि १८९० रुंद, ३एक्सओ ३९९० लांब आणि १८२१ रुंद. कागदावर रुंदीत सातच सेंटिमीटरचा फरक, लांबीत सत्तर, पण गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात शनिवारी संध्याकाळी शिरा म्हणजे हे सत्तर सेंटिमीटर काय असतात ते समजेल. एका बाजूला गाडे, दुसऱ्या बाजूला लावलेल्या स्कूटर, समोरून मालाचा टेम्पो. सातशे घेऊन मी तिकडं जातच नाही, बापट गल्लीच्या पार्किंगला लावतो नाहीतर गोवावेसच्या अलीकडंच सोडून चालत जातो. ३एक्सओ घेऊन सरळ दुकानापर्यंत गेलो, एका फटक्यात वळवली, परत आलो. मात्र गोवावेसच्या सर्कलला, नाहीतर रेल्वे गेट पडल्यावर तिसऱ्या गेटला सरकत-सरकत जाताना क्लच दाबून डावा पाय दुखायला लागला, तिथं ऑटोमॅटिकची आठवण आली. शहरात छोटी गाडी घ्यायची तर ऑटोमॅटिकच घ्या, मॅन्युअलनं अर्धा फायदा जातो.

आता खरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि कुठल्या रिव्ह्यूत कुणी लिहीत नाही. आमच्या घरात लायसन्स दोघांकडं आहे. मिसेस माझ्यापेक्षा आधीपासून गाडी चालवते, माहेरी मारुती चालवायची. पण सातशे आल्यापासून ती गावात गाडी काढत नाही. हायवेला चालवते, व्यवस्थित चालवते, पण गल्लीतून बाहेर काढणं, शाळेसमोर उभी करणं, कुणाच्या तरी जोत्याला आरसा लागतो का बघत जाणं, हे नको म्हणते. म्हणजे झालं काय, पोरांना शाळा, क्लास, आईचा दवाखाना, बाबांची बँक, सगळं माझ्यावर आलं. मी दुकानात असलो की सगळे रिक्षानं. पंचवीस लाखाच्या आसपासची गाडी दारात उभी आणि घरातली माणसं रिक्षात. ३एक्सओ आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं किल्ली घेतली, पोरांना सोडलं, आईला टिळकवाडीला डॉक्टरकडं नेऊन आणलं, मला फोनसुद्धा केला नाही. वर्कशॉपला परत देईपर्यंत दिवसभर गाडी तिच्याकडंच होती. मोठी गाडी घेताना आपण सीटा मोजतो, घरात ती चालवणारे किती उरणार ते मोजत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच पाहिजे.

आणि डिझेलवाल्यांनी हेही बघा, शाळा-दवाखाना-बाजार असली दोन-तीन किलोमीटरची ये-जा बीएस ६ डिझेलला मानवत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते, आणि ती जाळायला इंजिन चांगलं तापून गाडी काही वेळ एका दमात पळायला लागते. नुसतं गावात फिरवली की काजळी साठत जाते. म्हणून मी दर रविवारी सकाळी काकतीच्या पुढं हायवेला एक फेरी मारून येतो. शिवाय डीईएफ, म्हणजे धुराचं प्रदूषण कमी करायला वेगळ्या टाकीत भरायचं पातळ औषध, तेही भरायचं लक्षात ठेवायला लागतं. पेट्रोलला यातलं काही नाही.

एवढं सगळं वाचून वाटेल की मोठी गाडी विकूनच टाकावी. तर आता हायवेचं सांगतो.

३एक्सओ घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो, अंबाबाईच्या दर्शनाला, पुढं आम्ही दोघं, मागं आईबाबा आणि मधे धाकटी, थोरला परीक्षेमुळं मावशीकडं थांबला. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. गाडी पळायला अजिबात कमी नाही, १११ पीएसचं इंजिन आहे, वंटमुरी घाटात चौथ्यात आरामात चढली, निपाणीच्या अलीकडं तवंदी घाटात एका ट्रकमागं अडकल्यावर तिसरा टाकायला लागला एवढंच. पण कागलच्या पुढं सहापदरीकरणाच्या कामाचे डायव्हर्जन, आदळआपट, आणि मागं तिघं. जाताना आई गप्प होती, येताना संकेश्वरला चहाला थांबलो तेव्हा बाबांना म्हणाली की आपल्या गाडीत पाठ टेकता येते. सातशेत मधली सीट मागं झुकते, पायाला जागा आहे, आणि खड्ड्यात गेली तरी आतल्या माणसाला कमी कळतं. एफएसडी नावाचे डँपर आहेत, बारीक खडबडीला मऊ आणि मोठ्या हेलकाव्याला कडक होतात म्हणे, तांत्रिक मला जास्त सांगता येणार नाही पण तीन तास बसून उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. ४५० एनएमचा टॉर्क असल्यानं सात माणसं भरूनसुद्धा ओव्हरटेकला विचार करायला लागत नाही.

रात्रीचा विषय वेगळा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपल्या भागात ऊसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. दरवर्षी यात माणसं जातात. सातशेला अॅडास आहे, पुढचं वाहन ओळखून वेग कमी करणारा क्रूझ, लेन असिस्ट, आपोआप ब्रेक. हिरेबागेवाडी ते धारवाड दिवसा मोकळा रस्ता असला की क्रूझ फारच चांगला चालतो, पाय मोकळा राहतो. मला मिळालेल्या ३एक्सओच्या मॉडेलला अॅडास नव्हता. पण म्हणून रात्री ट्रॉलीच्या बाबतीत मी रडारवर सोडतो असं नाही, तिथं क्रूझ बंद, वेग साठ-सत्तर, नजर पुढं. कंपनीच्या पुस्तकातसुद्धा ती मदत आहे असंच लिहिलंय, ड्रायव्हरची बदली नाही. ज्या रस्त्यावर पट्टेच धड नसतात, तिथं लेन असिस्टला धरायला काही नाही. मला रात्री मोठ्या गाडीत बरं वाटतं ते दुसऱ्या कारणानं, उंच बसल्यामुळं ट्रॉली जरा लांबून दिसते. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत सातशेला २०२१ ला मोठ्या माणसांसाठी पाच स्टार मिळाले, ३एक्सओला २०२४ ला भारत एनकॅपमध्ये पाच मिळाले, दोन्हीत सहा एअरबॅग, म्हणजे त्या बाबतीत छोटी म्हणून हलकी समजायचं कारण नाही. मागच्या सीटवर बेल्ट लावा तेवढं.

सौंदत्तीला मात्र छोटी गाडी चालणारच नाही. आमच्या घरात यल्लम्मा देवीच्या डोंगरावर जाऊन नैवेद्याच्या पडल्या भरायच्या असतात, म्हणजे शेगडी, पातेली, पुरणाचा डबा, परड्या, पाणी, चटया आणि सात माणसं. इथं सातशेचंही एक सांगायला पाहिजे, तिसरी रांग उघडली की मागं डिकी जवळजवळ राहत नाही, दोन पिशव्या उभ्या राहतात बस. माणसं सात किंवा सामान सात जणांचं, दोन्ही एकदम नाही. आम्ही वर कॅरियर बसवून घेतला. आणि तिसऱ्या रांगेत मोठं माणूस सौंदत्तीपर्यंत बसू शकतं, त्याच्या पुढं नको. गोव्याला जाताना जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यात उतरायला लागलं की भाच्याला तिथं मागं बसून हमखास गाडी लागते, त्याला मधल्या सीटला खिडकीशी बसवलं की काही होत नाही. घाटात ३एक्सओ कशी वागते ते बघायला मुद्दाम कणकुंबीपर्यंत जाऊन आलो. वळणावर हलकी, स्टिअरिंग सोपं, चालवायला मजा तिच्यातच जास्त.

अॅव्हरेज साधारण सांगतो, सातशे गावात दहा-अकरा, हायवेला पंधराच्या आसपास. ३एक्सओ पेट्रोल गावात बारा, हायवेला सोळा. डिझेल स्वस्त म्हणून घ्यायचे दिवस आपल्याकडं संपत आलेत, कर्नाटकनं जून २०२४ ला इंधनावरचा विक्रीकर वाढवला आणि एप्रिल २०२५ ला डिझेल परत दोन रुपयांनी वाढलं. टॅक्सचा फरक त्याहून मोठा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के आणि मोठ्या एसयूव्हीला ४०. त्यावर आपला कर्नाटकचा रोड टॅक्स, दहा ते वीस लाखाला १७ टक्के, वीसच्या वर १८, आणि वर सेस. पलीकडं महाराष्ट्रात चंदगडच्या पाव्हण्यांना दहा ते वीस लाखाच्या डिझेल गाडीला १४ टक्के.

आमचा निर्णय झालाय. सातशे ठेवायची, आणि घरातल्या गावातल्या कामांसाठी छोटी, ऑटोमॅटिक, सेकंड हँड चालेल, मिसेसच्या नावावर. ती बघूलाय सध्या, मला विचारायचं कारण नाही म्हणते.

आता सर्व्हिसिंगला अशी गाडी मिळाली तर काय बघायचं. मला दिलेल्या फॉर्मवर एक अट होती, गाडी राज्याबाहेर न्यायची नाही. हुबळीच्या माणसाला ही अट काहीच वाटणार नाही, पण बेळगावात वेंगुर्ला रोडनं बाची सोडलं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो, पंधरा-वीस किलोमीटरवर. आमची निम्मी सोयरीक तिकडं. मी मॅनेजरना सांगितलं तसं, त्यांनी लगेच त्याच फॉर्मवर कोल्हापूर आणि गोव्याची परवानगी लिहून शिक्का मारून दिला. गाडीचा इन्शुरन्स देशभर चालतो, पण कागदावरची अट मोडून नेली आणि काही झालं तर वाद तुमच्या गळ्यात येतो, म्हणून तोंडी नको, लिहून घ्या. आरसी, इन्शुरन्स, पीयूसीची कॉपी मोबाईलवर घ्या, हद्दीवर कोगनोळीला अडवलं तर लागते. फास्टॅगचं विसरू नका, आपल्या गाडीवर टोलचा वार्षिक पास काढला असेल तर तो त्या नंबरलाच लागू असतो, दुसऱ्या गाडीत चालत नाही, त्यामुळं हत्तरगी आणि कोगनोळीला जाता-येता पूर्ण टोल कटला आणि तो त्यांच्या टॅगमधून कटला म्हणून मी परत देताना रोख दिला. घेतानाच चारी बाजूंचा व्हिडिओ, आधीचे ओरखडे, किलोमीटरचा आकडा, टाकीतलं पेट्रोल, स्टेपनी आणि जॅक आहे का, सगळं त्यांच्या माणसासमोर बघून घ्या, आणि परत देताना टाकी जेवढी होती तेवढी करून द्या.