गाळलेले दोन बोअर

पिशवीतली वाळू बघून मी काम घेतलं, ही माझी चूकच. पण ती पिशवी माझ्या हातात मुद्दाम दिली गेली होती.

जलमार्ग खोल करायचं पोटकंत्राट होतं, कटर सक्शन ड्रेजरने, म्हणजे फिरत्या दातांनी तळ कापून पंपाने ओढणाऱ्या यंत्राने. मुख्य कंत्राटदाराने माती-तपासणीच्या अहवालाऐवजी दोन पानी सारांश दिला: ‘बारीक ते मध्यम वाळू, सरासरी एन-व्हॅल्यू 12’. हा आकडा जितका मोठा, तितकी जमीन घट्ट. नमुना बोटांतून भुरभुर गळत होता. घनमीटरला ठरलेला दर लावून सही केली.

तीन आठवडे बरे गेले. मग एका पट्ट्यात कटर अडायला लागला, दात भराभर झिजले, पंपातून नुसतं पाणी यायला लागलं. मी आधी ऑपरेटरलाच झापलं, बिचाऱ्याला.

घट्ट वाळू कापताना दाणे एकमेकांवर चढतात आणि मधली पोकळी वाढते. ती भरायला पाणी आत शिरावं लागतं. बारीक वाळूत ते पटकन शिरत नाही, मग आतल्या पाण्याचा दाब उतरतो, दाणे एकमेकांना आवळले जातात आणि वाळू कटरला दाद देत नाही. तीच वाळू पिशवीत भरली की सुटी! पिशवीवरून दाण्याचा आकार कळतो, घट्टपणा नाही. आणि नमुना पाण्याच्या झोताने काढलेला असेल तर बारीक कणही धुऊन गेलेले असतात.

मूळ बोअरलॉग, म्हणजे तपासणीसाठी पाडलेल्या प्रत्येक बोअरच्या (भोकाच्या) नोंदी, मागितले, तर आज-उद्या सुरू झालं. शेवटी नकाशा हाती लागला. त्यावर बोअर 1 ते 9, सारांशात सातच. 4 आणि 7 गाळलेले, आणि दोन्ही नेमके त्याच पट्ट्यात. एसपीटीत, म्हणजे बोअरमध्ये घट्टपणा मोजायच्या चाचणीत, 63.5 किलोचा घण 76 सेंमीवरून पडतो आणि नळी पहिले 15 सेंमी सोडून पुढचे 30 सेंमी आत जायला लागलेले ठोके म्हणजे एन-व्हॅल्यू. या दोन बोअरमध्ये 50 ठोके देऊनही नळी तेवढी गेली नव्हती. उरलेल्या सातांपैकी तीन तर खोदाईच्या पातळीपर्यंत पोचलेच नव्हते.

भरपाई मागितली तेव्हा करारातली ओळ दाखवली: ‘माती-तपासणी केवळ माहितीसाठी’.

आता मी प्रत्येक बोअरचे 15-15 सेंमीचे ठोके आणि त्याचा तळ मागतो. बोअरचे क्रमांक सलग नसतील तर मधला बोअर कुठे गेला ते विचारतो.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका ड्रेजरवाल्याकडे उरलेल्या पट्ट्याचं काम आलं. सोबत दोन पानी सारांश. एन-व्हॅल्यू 12.