पान पिवळं पडलं, कडा वळल्या: पाणी द्यायचं, थांबवायचं की कुंडी बदलायची?

मनी प्लांटची दोन-चार पानं पिवळी पडली, काहींच्या कडा आत वळल्या, की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कुणीतरी तांब्याभर पाणी ओततं, नाहीतर कुणीतरी खत घालतं. पण तहानलेलं झाड आणि पाण्यात गुदमरलेलं झाड लांबून जवळपास सारखंच दिसतं, दोन्ही माना टाकतात. उपाय मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत. त्यामुळे निदान पानावरून सुरू करू नका, मातीवरून करा.

आधी पाण्याचंच बघू, कारण घरातल्या कुंड्यांचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

पाणी जास्त झालं असेल तर खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. पान मऊ, लिबलिबीत लागतं आणि देठ हलकेच ओढला तरी हातात येतो. माती वरून काळपट, ओली, कधी तिच्यावर हिरवट थर. बोट दोन इंच आत घातलं तर गार ओल लागते आणि बोटाला आंबूस वास येतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. मुळं कुजायला लागतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून माती ओली असूनही झाड कोमेजतं. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि तिथेच झाड हातचं जातं.

पाणी कमी पडलं असेल तर पान लांबीच्या बाजूने आत गुंडाळायला लागतं आणि त्याच्या कडा व टोकं तपकिरी, कुरकुरीत होतात. पिवळेपणा आला तरी पान कोरडं असतं, मऊ नसतं. कुंडी उचलली तर अगदी हलकी लागते, आणि माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसते. नर्सरीतून आणलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्यातल्या) झाडांत आणखी एक घोटाळा होतो. कोकोपीट पूर्ण वाळलं की सहजासहजी पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेकडेने वाहून खालच्या ताटलीत जमा होतं आणि आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं, पण मधला गड्डा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी बादलीत पाऊण-एक तास बुडवून ठेवायची आणि मग पूर्ण निथळू द्यायची.

तरीही शंका राहिलीच, तर मुळं बघावीत. कुंडी आडवी करून गड्डा अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट आणि ताठ असतं. कुजलेलं मूळ बोटांच्या चिमटीत धरून ओढलं तर वरची तपकिरी साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. हे एकदा पाहिलं की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

निर्णय कळत नसेल तेव्हा थांबणं हा जास्त सुरक्षित पर्याय आहे. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी प्लांट ही झाडं चार दिवस पाण्यावाचून सहज तगतात, पण कुजत चाललेल्या मुळांवर घातलेलं पाणी परत काढता येत नाही. यात हवामानाचाही मोठा वाटा आहे. जुलैमध्ये रत्नागिरीच्या दमट घरात आठवडाभर न वाळणारी माती मे महिन्यात नागपूरला दीड-दोन दिवसांत कोरडीठाक होते. त्यामुळे 'एक दिवसाआड पाणी' असा नियम बांधून घेऊ नका. आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्याच. झाडाला तर ते नकोच असतं, शिवाय डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात.

पाण्याचं गणित बरोबर असूनही पान वळत असेल, तर ते उलटं करून बघा. कीड बहुतेक वेळा तिथेच लपते. पानावर बारीक फिकट ठिपके, एकूण रंग उडाल्यासारखा आणि देठापाशी धुरकट जाळी दिसली तर तो लाल कोळी. पांढरा कागद खाली धरून पान त्यावर झटकायचं. कागदावरचे ठिपके चालायला लागले की निदान पक्कं. कोरड्या उन्हाळ्यात आणि एसीच्या खोलीत हा हमखास येतो. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नाही. त्यामुळे घरात पडून असलेलं कुठलंही कीटकनाशक मारून बऱ्याचदा उपयोग होत नाही. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल व द्रवरूप साबणाचे काही थेंब. आधी एका पानावर मारून बघा, मग आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारा. पेरांपाशी कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. तो कापसाच्या बोळ्याने पुसून काढायचा आणि मग तेच फवारे. फुलकिडे आले तर नवी पानं वाकडीतिकडी निघतात आणि पानावर चंदेरी चट्टे दिसतात.

खताकडे सगळ्यात शेवटी या. इथे पिवळेपणा कुठून सुरू झाला याला महत्त्व आहे. नत्र कमी पडलं तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं सरसकट फिकट होतात. लोह मात्र असं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानं पिवळी निघतात आणि शिरा हिरव्या राहतात. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या कुंड्यांत हे बरंच दिसतं. मातीत लोह असतं, पण क्षार वाढून माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते घेता येत नाही. मातीवर पांढरा थर दिसत असेल तर आणखी खत घालू नका. चांगलं भरपूर पाणी वरून सोडून ते खालच्या भोकातून वाहू द्या. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. त्यानंतरही शेंडा पिवळाच राहिला तर चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं. खत द्यायचं ठरलंच तर मूठभर गांडूळखत पुरतं. मुळं कुजली असताना मात्र कुठलंच खत नको.

उजेडाचा प्रश्न ओळखायला सोपा आहे. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाकडच्या बाजूलाच करपल्यासारखे डाग पडले असतील तर कुंडी हातभर मागे घ्या. अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड पाणी कमी वापरतं, म्हणून तिथे पाणीही कमी लागतं.

आता कुंडी बदलण्याबद्दल. पान पिवळं दिसलं की लगेच मोठ्या कुंडीत हलवायची घाई बरेच जण करतात. कुंडी बदलणं दोनच वेळी करावं असं माझं ठाम मत आहे: मुळं कुजलेली असतील तेव्हा, किंवा मुळांनीच कुंडी भरून ती भोकातून बाहेर डोकावत असतील तेव्हा. कुजलेल्या झाडाला मोठी कुंडी देणं तर उलटंच. जास्त माती जास्त ओल धरते. कुजकी मुळं कापा, भोक मोकळं असलेली तेवढीच किंवा लहान कुंडी घ्या आणि मोकळी, निचऱ्याची माती भरा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पिवळं पडलेलं पान बहुधा पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे उपाय लागू पडला का हे पुढच्या नव्या पानावरून ठरवा. तळाचं एखादं जुनं पान अधूनमधून पिवळं होऊन गळलं तर काळजीचं कारण नाही. आणि मुळं जवळपास सगळीच गेली असतील पण वेलाचा शेंडा अजून टणक असेल, तर झाड वाचवण्याच्या खटपटीपेक्षा कटिंग घेणं बरं. निदान एक पेर असलेला तुकडा कापून ते पेर पाण्यात बुडेल असा बाटलीत ठेवा आणि चार-पाच दिवसांनी पाणी बदलत राहा. मनी प्लांटला काही आठवड्यांत मुळं फुटतात.