टॅकोमा की एफ-150? आधी मागच्या सीटवर बसून बघा

टेक्सासात घर घेतलं की वर्षभरात पिकअपचा विषय निघतोच. आमच्याकडेही निघाला: मिडसाइझ टोयोटा टॅकोमा की फुल-साइझ फोर्ड एफ-150?

निकाल खरं तर मागच्या सीटवरच लागतो. चार दारांच्या टॅकोमात मागे पाय ठेवायला जेमतेम 34 इंच, एफ-150 च्या चार दारांच्या सुपरक्रू मॉडेलमध्ये 43 च्या वर. बाळाची उलट्या तोंडाची कारसीट टॅकोमात बसवली, की पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकलेच म्हणून समजा. त्यात भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, तर मधे कोण बसणार? एफ-150 मध्ये तिघं ऐसपैस बसतात. फक्त चढायला उंच. आईसाठी फूटबोर्ड लावून घ्यावाच लागेल.

गॅरेजचं गणित मात्र उलटं. टॅकोमा पावणेअठरा फूट, एफ-150 सव्वाएकोणीस. आपलं गॅरेज वीस फूट खोल, त्यात फ्रीझर आणि तांदळाची पोती! मोठी गाडी मग ड्राइव्हवेवरच उन्हात तापणार. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये शनिवारी ती लावून दाखवा, मानलं तुम्हाला.

चार फुटी प्लायवुड एफ-150 च्या हौद्यात सपाट बसतं, टॅकोमात चाकांच्या उंचवट्यांवर टेकतं. पण असं प्लायवुड आणतो किती वेळा?

एकच मूल आणि घरात दुसरी मोठी गाडी असेल, तर टॅकोमा घ्या. आमची मुलं दोन आणि आई-बाबा दरवर्षी येतात, म्हणून एफ-150. फ्रीझर सरकवायचं काम अजून बाकी आहे.