जुन्या बाजारातला आयबीएम मॉडेल एम: काही महिने वापरल्यावर (आणि कन्व्हर्टर घ्यायच्या आधी हे वाचाच)

कन्व्हर्टरवाल्याने शेवटपर्यंत पैसे परत दिले नाहीत, म्हणून आधी तेच लिहितो, कीबोर्डचं (म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेल्या आयबीएमच्या जुन्या मॉडेल एमचं) नंतर. जुना पीएस टू कीबोर्ड (यूएसबीच्या आधीच्या गोल पिनेचा) यूएसबीला लावायला कन्व्हर्टर म्हणून ती छोटी जांभळी पिन मिळते ना, ती कृपया घेऊ नका. तिच्यात काही नसतं, नुसत्या इकडच्या तारा तिकडे जोडलेल्या असतात. ज्या कीबोर्डला मुळात यूएसबी आणि पीएस टू दोन्ही समजतं त्यालाच ती चालते. यूएसबी आलं १९९६ ला आणि माझा कीबोर्ड १९९२ चा, मग त्याला कुठून समजणार?

दुकानदाराने लावून बघितला, तिन्ही दिवे एकदा चमकले आणि विझले, टाइप काहीच होईना, तर म्हणे "साहेब डेड आहे, भंगारात द्या, दोन हजारात नवीन मेकॅनिकल देतो, लाइटवाला". अहो, दिवे चमकले म्हणजे आतला कंट्रोलर जिवंत आहे, करंट मिळाल्यावर तो स्वतःची तपासणी करून दिवे लावतो! पिन परत घ्या म्हटलं तर "पाकीट फोडल्यावर रिटर्न नाही". रक्कम किरकोळ आहे हो, पण त्याचं ऐकून असे किती चांगले कीबोर्ड भंगारात गेले असतील याचा मला खरंच त्रास होतो.

आता कीबोर्ड. पुण्यात जुन्या बाजारात तारांच्या ढिगाखाली होता, तीनशे रुपयांत मिळाला. उचलल्यावरच शंका आली, दोन किलोच्या वर वजन, आत स्टीलची प्लेट असते. उलटा केला तर मागे लेबल शाबूत, पार्ट नंबर १३९१४०१, १९९२ ची तारीख, मेड इन यूएसए. हे लेबल म्हणजे त्याचा जन्मदाखला, घेताना आधी तेच बघा, कारण वरचा लोगो बघून काही कळत नाही, त्याच घराण्यात रबर डोमवालेही (स्प्रिंगऐवजी रबराच्या टोप्या असलेले) निघाले होते. खात्री करायची तर एक बटण वरून उपटा, खाली नळीत उभी स्प्रिंग दिसली की झालं. आयबीएम १९७८ ला भारतातून गेली आणि १९९२ ला टाटांबरोबर परत आली, त्यामुळे इकडे सापडणारे बरेचसे त्या नंतरच्या ऑफिसांमधलेच असावेत असा माझा अंदाज.

चिपवाला कन्व्हर्टर दुसरीकडून घेतला, तो चालला पण मध्येच अक्षरं खायचा. या जुन्या कीबोर्डला आजच्यापेक्षा जास्त करंट लागतो आणि स्वस्त कन्व्हर्टर तिथे दमतात. शेवटी बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून एक प्रो मायक्रो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा) बोर्ड आणला, त्यात सोअरर्स कन्व्हर्टर हे फुकट फर्मवेअर (बोर्डमध्येच राहणारा प्रोग्रॅम) टाकलं, चार तारा जोडल्या, पाच व्होल्ट, ग्राउंड, डेटा, क्लॉक, बस. तेव्हापासून एक अक्षर गळालेलं नाही. आणि या मॉडेलला विंडोज बटण नाही, आमच्यासारख्या दिवसभर मराठी-इंग्रजी बदलत बसणाऱ्यांना ते लागतंच (ऑल्ट-शिफ्टने होतं, पण माझा हात विंडोज-स्पेसलाच जातो), तर कॅप्स लॉकचं विंडोज बटण याच फर्मवेअरमध्ये करून टाकलं. ते कन्व्हर्टरमध्येच बसतं, कुठलाही कॉम्प्युटर असो, सॉफ्टवेअर टाकायची गरज नाही. म्हणून पुन्हा सांगतो, कन्व्हर्टरवर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पहिले काही आठवडे मात्र मी निराशच होतो. लोक ज्या आवाजाचं कौतुक करतात तो अर्ध्याच बटणांना येत होता, मधल्या ओळी मऊ, काही बटणं दोनदा दाबावी लागायची. तेव्हा लिहिलं असतं तर "घेऊ नका, टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड बरा" असंच लिहिलं असतं. पण हलवला की आतून खुळखुळ यायचं, आणि सगळी गोम तिथेच होती. आतल्या नळ्यांची प्लॅस्टिक प्लेट, मेम्ब्रेन (बटण दाबल्याची नोंद घेणारा पातळ पडदा) आणि स्टीलची प्लेट हे सगळं प्लॅस्टिकच्या रिबिटांनी दाबून धरलेलं असतं, वय झालं की रिबिटांची डोकी तुटतात, पकड सैल होते, मग बटणं मऊ लागतात.

खोलायला ५.५ मिमीचा नट ड्रायव्हर लागतो, आणि स्क्रू इतके खोल आहेत की साधा पाना आत शिरत नाही. मी साधाच पाना घेऊन लेथवाल्या काकांकडून बाहेरून घासून पातळ करून घेतला, त्यांनी पैसे पण घेतले नाहीत. मग उरलेली सगळी रिबिटं छिन्नीने सपाट केली, जवळपास दीड मिमीच्या ड्रिलने भोकं पाडली आणि एम टूचे (दोन मिमी जाडीचे) आठ मिमी लांबीचे स्क्रू नटांसकट बसवले. स्क्रू आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानांचं सामान विकणाऱ्याकडे मिळाले, साध्या हार्डवेअरवाल्यांकडे इतके बारीक नव्हते. सगळ्यात चिवट काम म्हणजे जोडणी, प्लेट वाकडी असते आणि स्प्रिंगखालचे छोटे हॅमर जागेवर उभे राहिले पाहिजेत, एक जरी आडवा झाला की ते बटण मेलं आणि परत सगळे स्क्रू सोडा. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नका.

बटणांचे कॅप कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणात रात्रभर ठेवले आणि नव्यासारखे निघाले. ते पीबीटी प्लॅस्टिकचे, अक्षरांची शाई आत मुरवलेली असते, त्यामुळे ती झिजत नाहीत, इतक्या वर्षांनी इतकी ठळक अक्षरं मी दुसऱ्या कुठल्या कीबोर्डवर बघितली नाहीत.

आता मत पूर्ण बदललंय. स्प्रिंग दाबत गेलं की ती एका क्षणी बाजूला वाकते, हॅमर मेम्ब्रेनवर आदळतो, आणि अक्षर उमटणं, आवाज येणं, बोटाला कळणं हे सगळं एकदमच होतं. बटण तळापर्यंत ठोकावं लागत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगच्या मांडणीत) जोडाक्षरांना सारखं हलंत दाबावं लागतं, तिथे हे फार जाणवतं, माझ्या चुका नक्की कमी झाल्यात. गेमवाल्यांनी घेऊ नये, ठरावीक जागची तीन बटणं एकदम दाबली तर तिसरं नोंदवलं जात नाही. आणि घरात रात्री कुणी झोपलेलं असेल तर दार लावून टाइप करा, माझी आई पलीकडच्या खोलीतून अजूनही विचारते की एवढं काय काम आहे.

एकच काम राहिलंय, उजव्या कंट्रोलची स्प्रिंग गंजलीये आणि ते बटण हलकं लागतं. केंटकीतल्या लेक्सिंग्टनची युनिकॉम्प अजून याच तंत्राचे कीबोर्ड बनवते आणि सुटे भागही विकते, पण एका स्प्रिंगसाठी कुरिअर आणि कस्टम भरायची माझी तयारी नाही. मावसभाऊ दिवाळीत तिकडून येतोय, त्यालाच स्प्रिंगा आणायला सांगितल्यात. कुणाला पाच-सहा हव्या असतील तर आत्ताच कळवा, त्याच पाकिटात मागवून घेतो.