खालच्या ओठासाठी एफ्युडिक्स क्रीम: आधी तपासणी, मग ट्यूब

शेतावर, बोटीवर, बांधकामावर उन्हात राबलेल्या गोऱ्या ऑस्ट्रेलियन माणसांचा खालचा ओठ उतारवयात बदलायला लागतो. कायम कोरडा, बारीक सालं निघणारा, मधेच पांढुरका डाग, आणि ओठाचा लाल भाग जिथे संपतो ती कड पुसट झालेली. डॉक्टर याला ॲक्टिनिक कायलायटिस म्हणतात. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था आहे. सगळ्यांच्या बाबतीत ती पुढे जात नाही, पण गेली तर ओठावरचा स्क्वेमस सेल कर्करोग (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा) अंगावरच्या त्वचेतल्या तशाच कर्करोगापेक्षा जास्त वेळा मानेतल्या लसिका गाठींपर्यंत पोचतो. ‘ओठ फुटलेत’ म्हणून वर्षानुवर्षं लिप बाम चोळत बसण्यात धोका आहे, तो हाच.

एफ्युडिक्स हे ५ टक्के फ्लोरोयुरॅसिलचं क्रीम. ऑस्ट्रेलियात २० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये मिळतं. ते मुळात त्वचेवरच्या उन्हाच्या खरखरीत डागांसाठी आहे. ओठावर वापरायचं की नाही हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतात. पेशीला नवा डीएनए बनवायला लागणारं थायमिडिलेट सिंथेज हे एन्झाइम हे औषध अडवतं, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या बिघडलेल्या पेशी मरतात. याचा मोठा गुण म्हणजे डोळ्यांना न दिसणारे डागही ते शोधून काढतं. दिसणारा एकच डाग गोठवून काढला, तर शेजारचा बिघडलेला भाग तसाच राहतो.

ओठावर कडक गाठ असेल, जखम तीन-चार आठवडे भरत नसेल किंवा सहज रक्त येत असेल, तर क्रीम लावण्याआधी बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, झालीच पाहिजे. आत कर्करोग रुजलेला असताना वरून क्रीम लावलं, तर पृष्ठभाग बरा दिसतो आणि आतलं वाढत राहतं. क्रीममुळे ओठ सोलवटलेला असताना बायोप्सी केली, तर सूज आणि बिघाड वेगळा ओळखणं पॅथॉलॉजिस्टलाही अवघड जातं.

लावायची रीत सोपी, पण काटेकोर पाळायची. जेवण झाल्यावर ओठ धुऊन कोरडा टिपून घ्या. ओठाखालच्या त्वचेवर आणि जिवणीच्या दोन्ही कोपऱ्यांत व्हॅसलीनचा थर द्या, म्हणजे क्रीम तिथे उतरणार नाही. कोपऱ्यांत गेलं तर चिरा पडतात आणि तोंड उघडणंही नको होतं. मग हरभऱ्याच्या डाळीच्या एका दाण्याएवढं क्रीम कापसाच्या काडीने कोरड्या लाल भागावर पातळ पसरवा. आतल्या ओल्या भागावर नको. अर्धा तास खाणंपिणं नाही, ओठ चाटणंही नाही. रात्री झोपायच्या तासभर आधी लावा, नाहीतर औषध उशीला पुसलं जातं. हात साबणाने धुवा. सहसा दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे असा क्रम असतो, पण ओठावर नेमके किती दिवस हे डॉक्टर ओठ पाहून ठरवतात.

बरेच जण औषध अर्ध्यावर सोडतात, कारण पुढे काय होणार हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्या काही दिवसांत लाली आणि जळजळ. आठवडाभरात सूज, सालं. दुसऱ्या आठवड्यात ओठ सोलवटतो, ओलसर जखमा आणि खपल्या होतात, बोलताना ओढ बसते. हे भयंकर दिसतं, पण औषध लागू पडल्याचीच ती खूण आहे. जखमा नीट उमटल्या की डॉक्टर क्रीम थांबवतात. त्यानंतर ओठ भरून यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. या काळात तिखट, लिंबू, लोणचं, कढत चहा बंद. कोमट वरणभात, दहीभात सोसवतो. खपली ओढू नका, मिठाच्या कोमट पाण्याने भिजवून व्हॅसलीन लावा. पिवळा पू, ताप किंवा वाढत जाणारी सूज मात्र नेहमीची नव्हे, लगेच दाखवा. ज्यांना ओठावर तापाचे फोड येतात त्यांनी ते आधीच सांगावं, कारण या सोलवटीत नागीण कुळातला तो विषाणू पुन्हा उसळतो. डॉक्टर ॲसिक्लोव्हिरच्या गोळ्या देतात.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे क्रीम वर्ज्य. ज्यांच्या शरीरात डीपीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांनाही ते देत नाहीत, कारण औषध मोडण्याचं काम तेच करतं.

पर्यायांचं म्हणाल, तर ५ टक्के इमिक्विमॉड ओठावर चालतं, पण तेही सुजवतं आणि काहींना फ्लूसारखी कणकण येते. ३ टक्के डायक्लोफेनॅक जेल सौम्य आहे. दोन-तीन महिने लावावं लागतं आणि परिणामही तितकाच सौम्य. उन्हाच्या डागांवरचं इंजेनॉल मेब्युटेट हे जेल युरोपात २०२० मध्ये कर्करोगाच्या शंकेवरून मागे घेतलं गेलं, जुनी ट्यूब घरात असेल तर वापरू नका. बिघाड खोल असेल तर ओठाचा लाल थर शस्त्रक्रियेने किंवा लेझरने काढणंच योग्य.

फ्लोरोयुरॅसिलची खरी उणीव अशी की ओठ गुलाबी, गुळगुळीत झाला तरी सूक्ष्मदर्शकाखाली बिघाड शिल्लक सापडू शकतो. म्हणून तपासणी पुढेही ठरल्या वेळी करायचीच, आणि एसपीएफ ३० किंवा जास्तीचा लिप बाम बाहेर असताना दर दोन तासांनी व खाल्ल्यावर पुन्हा लावायचा, रुंद काठाच्या टोपीसकट.

आपल्याकडे ५ टक्के फ्लोरोयुरॅसिल वेगळ्या नावांनी चिठ्ठीवर मिळतं, पण महाराष्ट्रात ओठाच्या आतल्या बाजूला, तंबाखू किंवा मिश्री धरतात तिथे पांढरा चट्टा असेल, तर तो उन्हाचा नव्हे. त्यावर हे क्रीम लावू नका. दंतवैद्याला किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

उरलेली ट्यूब दुसऱ्या कुणाला देऊ नका. घरात कुत्रं-मांजर असेल तर ती बंद कपाटात ठेवा, आणि क्रीम लावलेल्या कापसाच्या काड्या झाकणाच्या डब्यात टाका. कुत्र्याने ट्यूब चावली किंवा क्रीम लावलेला ओठ मांजराने चाटला, तर थोड्या प्रमाणातही त्यांच्या जिवावर बेतू शकतं.