जुन्या जर्मन फ्यूजांच्या चाव्या ओळखणारे आजोबा

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे सांगतो.

माझ्याकडे दोन वर्षं एक लोखंडी पाना पडून होता. लांब दांडा, टोकाला दोन खुंट्या. विकणाऱ्याने ‘पहिल्या महायुद्धातला, तोफगोळ्याच्या फ्यूजला वेळ लावायचा’ म्हणून दिला होता. (फ्यूज म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग.) घरी येणारे म्हणत, हा अँगल ग्राइंडरचा पाना. भोसरीच्या टूलरूममध्ये मी बारा वर्षं काढली आहेत, ग्राइंडरचा पाना मला कळतो. हा तो नव्हता.

शेवटी पाना घेऊन या आजोबांकडे गेलो. रविवारी ऱ्हाइनकाठच्या जुन्या बाजारात ते टेबल मांडतात. फ्यूजांच्या चाव्या, टोप्या, रिकामे डबे, एवढाच माल. फ्यूज ठेवत नाहीत. कुणाच्या माळ्यावर सापडला तर ‘हलवू नका, पोलिसांना फोन करा’ एवढंच सांगतात. माझा विश्वास तिथेच बसला.

फ्यूजवर नाव ठोकलेलं असतं, त्यामुळे तो ओळखणं त्या मानाने सोपं. चाव्यांवर बहुधा एखादा शिक्का, नाहीतर तोही नाही. शिवाय दोन कामांच्या चाव्या लोक सर्रास एक समजतात. त्स्युंडरश्ल्युसल म्हणजे फ्यूज गोळ्यात आवळायची चावी, श्टेलश्ल्युसल म्हणजे तो कधी उडायचा ते लावायची. एझेड २३ या आदळल्यावर उडणाऱ्या जर्मन फ्यूजवर बाजूला एक खाच असते, ती फिरवली की गोळा आदळताक्षणी फुटायचा की किंचित उशिराने, ते ठरतं. डॉपझेड एस/६० या दुसऱ्या फ्यूजमध्ये चक्क घड्याळाची यंत्रणा असते, ६० सेकंदांपर्यंत लावता येणारी.

आजोबांनी आधी वर्निअर काढला. खुंट्यांमधलं अंतर, खुंट्यांची जाडी, सगळं वहीत उतरवलं. मग भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘‘झीज बघा.’’ दोन्ही खुंट्या एकाच अंगाला झिजल्या होत्या, आवळताना जोर येतो त्या अंगाला. दांडा लांब, म्हणजे ताकद लावायला. आकड्यांची खूण कुठेही नाही. वेळ लावायला लांब दांडा कशाला हवा? हे मला दोन वर्षांत सुचायला हवं होतं! तेल लावून मऊ फडक्याने गंज पुसला तर खाली गरुड आणि ‘वाफेनआम्ट’चा, म्हणजे जर्मन लष्कराच्या शस्त्र खात्याचा, क्रमांक. म्हणजे कैसरच्या काळातला, पहिल्या महायुद्धातला नव्हे, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा.

ओळख पटवण्याचे पैसे घेतले नाहीत. मी एक रिकामा डबा विकत घेतला, आणि तारा तिथे कापला. किमतीची चिठ्ठी त्यांनी इतक्या चिवट गोंदाने चिकटवली होती की काढताना मूळ रंगाचा पापुद्रा निघाला. सांगितल्यावर त्यांनी निम्मे पैसे परत केले. रंग मात्र गेला तो गेलाच.

जाणार असाल तर वस्तू आहे तशी न्या. तारेच्या ब्रशने गंज अजिबात घासू नका, शिक्का त्याच्याच खाली असतो.